अठरा नंबरचा चित्ता

द्वारका रामटेके यांच्या दारावर पाटी होती : 'जुने कागद, पुस्तके, नकाशे, चित्रे स्वच्छ करून मिळतील. नवी करून मिळणार नाहीत.' धायरीतल्या त्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून येणारे बहुतेक लोक पहिलंच वाक्य वाचून बेल वाजवत आणि दुसरं बाईंच्या तोंडून ऐकत. एकानं आजोबांच्या फोटोवर फेटा रंगवून मागितला होता. "आजोबांनी घातला असता तर फोटोत आला असता," असं सांगून बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. चहा पाजला हे विशेष, असं शेजारच्या जोशीकाकूंचं मत पडलं.

बत्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या ग्रंथालयात जुन्या कागदांची देखभाल करण्यात घालवली होती. त्यांचे वडील विदर्भातून खडकीच्या कारखान्यात कामाला आले. शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती, पण लेकीच्या पुस्तकाला हात लावण्याआधी ते साबणानं हात धूत आणि मग नुसतंच पान उलटून बघत. बाईंचा सगळा धर्म त्या धुतलेल्या हातांतून आलेला होता. त्याचा नियम एकच. कागदावर जे पडलंय ते काढायचं, जे कुणी केलंय त्याला हात लावायचा नाही. धूळ, धूर, बुरशी, चहाचे डाग हे पडलेलं. सही, खूण, खाडाखोड, अगदी पोरांनी काढलेल्या मिशासुद्धा, हे केलेलं. हाताखालच्या एका माणसानं पोथीतली उडालेली अक्षरं आपल्या हातानं भरली, तेव्हा बाईंनी त्याची लेखी तक्रार केली होती. माणूस चांगला होता, तरी केली. ते त्यांना अजून अधूनमधून टोचायचं.

अशा बाईंकडे एका सोमवारी शालन आली. वय सत्तेचाळीसच्या आसपास, हिंजवडीच्या एका कंपनीत साफसफाईवर सुपरवायझर, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकलेलं, डोळ्यांत ठसठशीत काजळ. तिनं पिशवीतून साडीच्या कापडात गुंडाळलेली एक वही काढून टेबलावर ठेवली.

वही कॅलेंडरच्या कोऱ्या पाठींची, सुतळीनं शिवलेली. प्रत्येक पानावर चार चार कार्डं खळीनं चिकटवलेली. पत्त्याहून थोडी लहान, चकचकीत कागदाची. वाघ, गवा, अस्वल, मगर. कोपऱ्यात इंग्रजी आकड्यात नंबर.

"गुलगुल बबलगममध्ये निघायची," शालन म्हणाली. "पंच्याऐंशी साल असेल. चाळीस प्राण्यांचा संच. आम्ही मंडईमागं राहायचो. माझा दादा, पोपटदादा, पेरूच्या गाड्यावर हमाली करून गम घ्यायचा आणि गम स्वतः चघळून कार्ड मला द्यायचा."

"वाटणी चांगली होती," बाई म्हणाल्या.

शालन हसली. तिनं पान उलटलं. उलटताना एका कार्डावर आपला तळवा धरला, पण टेकवला नाही.

"हा बघा. अठरा नंबर. चित्ता. अख्ख्या मंडईत कुणाकडं नव्हता. कंपनीनं छापलाच नाही असं पोरं म्हणायची. मी सात वर्षांची होते, टायफॉइडनं महिनाभर अंथरुणात. चित्ता पाहिजे म्हणून रडायची. दादानं आणून दिला. त्यासाठी त्यानं मांजाची फिरकी देऊन टाकली, रविवार पेठेतल्या एका पोराला. केवढी लाडकी फिरकी होती ती! मग मीपण वर्षभर माझ्या ताटातली नळी त्याला दिली."

"नळी?"

"मटणाची हो. रविवारची."

पोपट खैरे नंबरप्लेटी आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तीस वर्षं मंडईच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. आता प्लेटी तयार येतात आणि पाट्या छापून येतात, म्हणून येत्या रविवारी तो दुकान बंद करणार होता. त्या दिवशी ही वही त्याच्या हातात द्यायची, असं शालनच्या मनात होतं. पण वही इतकी वर्षं तिच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर होती. फोडणीचा धूर पानापानांत शिरला होता, कार्डांवर तेलकट पिवळा थर चढला होता.

"त्याचं सगळं काम भिंतींवरून गेलं, ताई," शालन म्हणाली. "एक पाटी राहिली नाही. दाखवावं म्हटलं तर काही नाही. निदान हे तरी नीट असू दे." मग जाता जाता दारात थांबून म्हणाली, "चित्त्याला मात्र फार घासू नका हां."

"मी घासत नाही," बाई म्हणाल्या. हे त्या जरा फणकाऱ्यानंच म्हणाल्या, कारण बत्तीस वर्षांत त्यांनी काही घासलेलं नव्हतं.

काम सरळ होतं. ओलसर टिपकागद ठेवून खळ मऊ करायची, कार्ड पानावरून अलगद सोडवायचं, सपाट पट्टीखाली वाळवायचं. मऊ ब्रशनं धूळ. खोडरबराचा चुरा बोटाच्या पेरानं फिरवायचा. आणि तेलकट धूर राहिलाच तर कापसाच्या बोळ्याला आपल्या तोंडातली लाळ. लोकांना हे ऐकून कसंतरी होतं, पण तेलकट मळाला लाळेइतकं सौम्य औषध नाही, हे कागदवाले जाणतात. मंगळवारी वाघ, गवा, सांबर झाले. बुधवारी मोर असा काही निघाला की बाईंनी एकट्यानंच "अगं बाई!" म्हटलं.

गुरुवारी सकाळी चित्ता टेबलावर आला. बाईंनी भिंग लावून बघितलं. ठिपक्यांत शाई होती, पण छपाईच्या शाईत मिसळून गेलेली. त्या वेळी त्यांना ती जाड छपाईच वाटली. उजव्या डोळ्याखाली तोंडापर्यंत एक काळसर तेलकट ओघळ होता, कडेनं फिसकटलेला. असे धुराचे ओघळ सगळ्या वहीत होते. बाई शाई ओळखत, पेन्सिल ओळखत, शिसं, लाख, पाण्याचे रंग, सगळं नजरेनं सांगत. बोळा ओला केला, टेकवला, उचलला. ओघळ बोळ्यावर आला. आणखी दोनदा केलं, आणि चित्त्याचा गाल पिवळाधमक झाला.

मग त्यांची नजर डाव्या डोळ्याकडे गेली. तिथंही तशीच रेघ होती. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघून नाकाशेजारून तोंडापर्यंत, फिसकटलेली नव्हती, चांगली वळणदार होती. धूर दोन डोळ्यांखाली सारखा कशाला ओघळेल?

त्यांनी कार्ड पालथं केलं. पाठीवर खळीच्या डागांतून छापील अक्षरं वाचता येत होती : '१३. बिबट्या. हा प्राणी झाडावर चढण्यात पटाईत असतो.'

पुढच्या बाजूला इंग्रजी तिनाचा आठ केलेला होता. आता भिंगातून तो दिसलाच. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलं असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके. कुणीतरी एकेक फूल शाईनं भरलं होतं, दोनशे तरी असतील, एकही काठाबाहेर गेलेलं नव्हतं. आणि चित्त्याला असतात तशा डोळ्यांखालच्या दोन रेघा काढल्या होत्या. त्यातली एक आता कापसाच्या बोळ्यावर होती. बाईंनी बोळा नाकाशी नेला. तुपकट, किंचित कापराचा वास. काजळ. कागदावर काजळ असू शकतं हे बत्तीस वर्षांत त्यांच्या गावीही नव्हतं.

म्हणजे दादानं चित्ता मिळवला नव्हता. त्यानं तो केला होता. आणि केलेल्याला कधी हात न लावणाऱ्या द्वारकाबाईंनी तो अर्धा पुसला होता.

डाव्या रेघेवर त्यांनी पुन्हा भिंग धरलं. तिथं त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती त्यांनी सवयीनं वहीत टिपून ठेवली, अर्थ काही लागला नाही. रेघेत तीन थर होते. तळाला मळकट, कागदात मुरलेलं काजळ. त्यावर दुसरं, जास्त काळं. आणि सगळ्यांत वर मेणकट, निळसर झाकेचं, हल्लीच्या पेन्सिलीचं असतं तसं.

संध्याकाळी मैत्री घरी आली. बाईंची ही एकुलती एक लेक, तीही हिंजवडीतच कामाला, कंपनीच्या बसमध्ये दीड तास अंग आंबवून येणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता निकाल दिला.

"सिंपल आहे, आई. परत काढ ना लाइन. काजळ माझ्याकडे आहे. कुणाला कळणारे?"

"मला."

"तू सोडून?"

"मी सोडून कसं? मी काढली की ती माझी रेघ झाली. त्या पोराची नाही राहिली."

"मग त्यांना सांगून टाक, चुकून पुसलं म्हणून."

"सांगितलं की त्या विचारणार, पुसली कशी गेली? छापलेली रेघ कधी पुसली जात नाही. मग भावानं चाळीस वर्षांपूर्वी फसवलं, हेही मीच सांगायचं? दुकान बंद करायच्या आठवड्यात?"

आईला रडू येतंय हे मैत्रीला कळलं, कारण आई खोडरबराचा चुरा उगाच एका बाजूनं दुसऱ्या बाजूला करत होती. ती उठली आणि तिनं चहा टाकला. पोथीतली अक्षरं भरणारा तो माणूस बाईंना त्या रात्री फार आठवला. त्यानं का भरली असतील, हे त्यांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी त्या कार्ड दोन पुठ्ठ्यांत घालून मंडईत गेल्या. मेथीच्या जुड्यांतून, पेरूच्या ढिगांतून वाट काढत मागच्या गल्लीत पोचल्या. खैरे आर्ट्सची पाटी हातानं रंगवलेली होती, आणि इतकी देखणी की आजूबाजूच्या छापील पाट्या तिच्यापुढं ओरडल्यासारख्या वाटत होत्या. आत पोपट खैरे डबे आवरत बसला होता. पाठ वाकलेली, केस पांढरे, बोटांच्या पेरांत कायमचा काळा रंग.

"प्लेट पाहिजे असेल तर उशीर केलात," मान वर न करता तो म्हणाला. "बारा वर्षं."

"मला एक चित्र दाखवायचंय."

"दाखवा. बघायला अजून सरकारनं बंदी घातली नाही."

बाईंनी पुठ्ठा उघडला. पोपट बघत राहिला. हातातला डबा त्यानं जपून खाली ठेवला, आवाज न करता.

"शालीनं दिलं हे?"

बाईंनी सगळं सांगितलं, आपली चूक आधी. मग खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून पोपटनं त्यांना बसायला जागा करून दिली.

"पकडलंत म्हणायचं तुम्ही," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. बिबटे ढिगानं निघायचे हो त्या गममध्ये, माझ्याकडंच तीन होते. आता तर काय, तुमच्या धायरीतपण येतात. पण चित्ता काही निघंना. आणि ती पोरगी रोज विचारायची. अंगात ताप, डोळे खोल गेलेले. डॉक्टर आईला बाजूला नेऊन काय बोलले ते मला ऐकू आलं होतं. म्हटलं, हिला चित्ता बघायला मिळालाच पाहिजे. ठिपके भरायला दोन दिवस गेले. ते जमलं, तिथं आधीच काळं होतं. तोंडावर मात्र शाई धरंना, थेंब व्हायला लागले. मग आईची काजळाची डबी."

"आणि फिरकी?"

"फिरकी मी नदीत टाकली," पोपट म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "घरात राहिली असती तर खोटं उघडं पडलं असतं ना. वर ती पोरगी वर्षभर तिच्या ताटातली नळी मला देत होती. मी खात होतो. काय करणार, नको म्हटलं असतं तर विचारलं असतं का म्हणून. आजपर्यंत मटणाचा वास आला की ते आठवतं."

बाईंना हसू आलं. त्या म्हणाल्या, "रेघ तुमची आहे. तुम्हीच परत काढा. तुमचा हात असला म्हणजे मला चालेल. पहिली तुम्ही काढलीत, नंतर दोनदा ताजी केलीत, तशीच ही."

"नंतर कधी?"

"दोनदा. थर आहेत ना. एक बरंच जुनं, एक अगदी हल्लीचं."

"छे हो. मी एकदाच काढली. वही त्या दिवसापासून तिच्याकडं. लग्न होऊन गेली तेव्हा सोबत घेऊन गेली. मी नंतर डोळ्यांनी बघितलीसुद्धा नाही."

बाहेर कुणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं. बाईंनी पिशवीतून भिंग काढून पुढं केलं. पोपटनं ते डोळ्याला लावलं, कार्ड उजेडाकडं तिरकं धरलं आणि डावी रेघ बघितली. नंबरप्लेटीवर रंगाचे किती हात बसलेत हे सांगणारा माणूस तो. थर त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"खालचं माझं," तो हळू म्हणाला. "वरची दोन..."

भिंग तसंच डोळ्याशी धरून बसला. मग उठला, भिंतीकडं तोंड केलं आणि आधीच धुतलेले ब्रश पुन्हा टर्पेंटाइनमध्ये घालू लागला.

"आमच्या शालीला," तो पाठ वळवूनच म्हणाला, "लहानपणापासून पोटात काही ठेवता येत नाही. असं आम्ही सगळे समजत होतो."

"मग रेघ काढताय ना?"

"नाही. पहिली माझी होती. पुढचं काम तिनं घेतलंय, आपण मध्ये पडायचं नाही. तुम्ही तिला सरळ सांगा, पुसली गेली. ती बघून घेईल." दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मला कळलंय हे मात्र सांगू नका. एवढं चाळीस वर्षं सांभाळलंय तिनं. तिला वाटू दे की मला माहीत नाही."

शनिवारी दुपारी शालन आली. टेबलावर एकोणचाळीस कार्डं ओळीनं मांडलेली होती, कालच गममधून निघाल्यासारखी. ती एकेक बघत "अगं आई गं, बदकाचा पाय केशरी होता होय," असं म्हणत पुढं सरकत होती. शेवटी बाईंनी चाळिसावं कार्ड पुढं ठेवलं.

"शालनताई, माझ्याकडून चूक झाली. उजव्या डोळ्याखालची रेघ मी धूर समजून पुसली. माझ्या पाटीवर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंय. तुम्ही काय म्हणाल ते मला कबूल."

शालनच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. तिनं कार्ड उचललं, पालथं करून पाठ बघितली नाही. नुसती चित्त्याकडं बघत राहिली. बाईंना वाटलं, आता ही रडणार. पण तिनं खुर्ची ओढली, पर्स उघडली आणि काजळाची पेन्सिल काढली.

"उजेड कुठून येतो इथं?" तिनं विचारलं.

बाईंनी कार्ड उत्तरेच्या खिडकीकडं वळवून दिलं. शालननं पेन्सिलीचं टोक आपल्या अंगठ्यावर दोनदा फिरवून मऊ केलं. जीभ दातांत धरली. डोळ्याच्या कोपऱ्यातून रेघ निघाली, नाकाशेजारून वळली, तोंडाशी येऊन बारीक झाली. हात जराही हलला नाही. बाईंनी आयुष्यात पुष्कळ हात बघितले होते. या हाताला ही रेघ पाठ होती.

"पहिल्याच दिवशी काजळ लागलं होतं," शालन कार्डावर फुंकर घालत म्हणाली. "मी हळूच पापा घ्यायला गेले चित्त्याचा. ओठ काळे झाले. दादा दारात उभा होता, मी बरी होतेय का ते बघत. केवढासा होता तो. मी तोंड पांघरुणात लपवलं आणि ओठ पुसून टाकले."

तिनं डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं नाक ओढून हसली.

"त्याचं पहिलं काम आहे हे, ताई. पुढं सगळ्या पुण्याच्या पाट्या रंगवल्या, उद्या दुकानावरची उतरली की ही एकच उरणार. ती पुसट होऊ द्यायची का मग? त्याला सांगू नका हां. त्याला वाटतं मला माहीत नाही."

"नाही सांगणार," द्वारकाबाई म्हणाल्या. आयुष्यात इतक्या सहज त्यांनी काही लपवलं नव्हतं.

शालन वही छातीशी धरून जिना उतरली. बाईंनी नोंदवही पुढं ओढली. आलेल्या प्रत्येक कागदाचं काय केलं ते तिथं लिहायचं, खरं लिहायचं, ही बत्तीस वर्षांची सवय. बाकीच्या कार्डांच्या नोंदी भराभर झाल्या. अठरा नंबरपाशी पेन थांबलं. मग त्यांनी उठून साबणानं हात धुतले, पुसले, पुन्हा बसल्या आणि लिहिलं : 'चित्ता. माझ्या हातून एक रेघ पुसली गेली. जिची होती तिने ती लगेच पूर्ववत केली. याखेरीज कोणताही फेरफार नाही.'